उद्धवराव गार्ड आणि अमेरिकेतली मालगाडी

टाळकरी मंडळी, हात जरा सैल सोडा. देवाचं नाव घेऊन झालं, आता घटकाभर माणसाचं नाव घेऊ. देव काही रागावत नाही, त्यालाही आपल्याच गोष्टी ऐकायच्या असतात.

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न अगदी सोपा. निश्चय चांगला की वाईट?

झाली, पुढच्या रांगेतली मान हलली — चांगला! अहो, घाई करू नका. पहाटे उठून नाम घेईन, हा निश्चय. मान्य. आणि धाकट्या भावाच्या दारात मरेपर्यंत पाय ठेवणार नाही — हा कोण? हाही निश्चयच की! आणि यातला कोणता आपण जास्त नेटानं पाळतो, सांगा बरं? पहाटेचा गजर बंद करून कूस बदलतो आपण. एकादशीला चहाबरोबर चुकून बिस्कीट जातं — चुकूनच हो, मी कुठं काही म्हणालो! पण अबोला? अबोला कधी चुकून मोडलाय कुणाचा? वर्षानुवर्षं एक दिवस खाडा नाही. अशी साधना ऋषीमुनींना जमली नसेल.

तर दोन्ही निश्चय एकाच छातीतून निघतात. मग देवाचा कोणता आणि आपल्या ताठ्याचा कोणता, हे ओळखायचं कसं? पोथीत उत्तर आहे, पण ते तुम्ही ऐकून ऐकून गुळगुळीत केलंय. म्हणून आज उत्तर आणलंय बडनेऱ्याहून. व्हाया अमेरिका!

बडनेरा माहीत आहे ना? अमरावतीच्या अलीकडचं मोठं रेल्वेचं गाव. तिथं उद्धवराव खंडारे राहतात. जन्मभर मालगाडीवर गार्ड होते. आता म्हणे गार्ड म्हणत नाहीत, ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव मोठं झालं, बाकडं तेच राहिलं. कारण गार्ड बसतो कुठं? इंजिनवाला पुढं, आणि गार्ड सगळ्यात मागं. शेवटचा एक डबा. त्यात लाकडाचं बाकडं, हातानं फिरवायचा ब्रेक आणि एकटा माणूस. पुढं बघायला सगळं जग आहे, मंडळी. मागं बघायला फक्त गार्ड.

आता एक नियम सांगतो, तो नीट ऐका. पुढची सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. गाडी स्टेशनातून धडधडत निघून गेली, म्हणजे गाडी गेली का? तुम्ही म्हणाल, गेली. रेल्वे म्हणते, नाही! शेवटी गार्डाचा डबा दिसला, त्याच्या पाठीवरची पाटी दिसली, की मगच गाडी गेली. ती पाटी नाही दिसली, तर समजायचं गाडी मध्येच तुटली. पुढचा तुकडा इंजिनाबरोबर गेला, मागचा तुकडा कुठंतरी रुळावर मोकळा आहे. उतार असला तर तो तुकडा आपला आपण गडगडत येईल — ना इंजिन, ना शिट्टी, ना कुणी थांबवणारं.

हे उद्धवरावांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. भोगलं होतं. एकदा त्यांचीच गाडी रानात तुटली. पुढचे डबे गेले निघून, आणि हे मागच्या तुकड्यात, हाताचा ब्रेक आवळून, चाकांखाली लाकडाची पाचर ठोकून बसले. पुढच्या स्टेशनातल्या माणसानं गाडी येताना पाहिली, पण शेवटची पाटी काही त्याला दिसली नाही. त्यानं मागच्या गाडीला रस्ता दिलाच नाही. दिला असता तर ती येऊन उद्धवरावांच्या पाठीवर आदळली असती, आणि आपलं आख्यान इथंच संपलं असतं. त्या माणसाला उद्धवरावांनी पुढं कधी पाहिलं नाही. नावही विचारायचं राहून गेलं. पण घरी जेवताना घास हातात घेऊन म्हणायचे, "त्यानं शेवट पाह्यला म्हून मी जेवून राह्यलो."

आता या माणसाचा अबोला कुणाशी होता? सख्ख्या मुलाशी. एकुलत्या एक!

मुलगा प्रफुल्ल. हुशार, इंजिनियर झाला, अमेरिकेची नोकरी लागली. आणि रेल्वेत एक रीत असते मंडळी. गार्ड निवृत्त होतो ना, त्या दिवशी तो आपली शेवटची गाडी घेऊन गावच्या स्टेशनात येतो. फलाटावर बायकोमुलं, सोयरे, सोबतचे लोक, ताशेवाले. इंजिनाला हार, गार्डाला हार. जन्मभर शेवटी बसलेल्या माणसाला त्या एका दिवशी सगळे पुढं घेतात.

उद्धवरावांची गाडी आली. ताशा वाजला. हार घालून घेता घेता त्यांची नजर फलाटभर फिरली. सिंधूबाई होत्या, शेजारीपाजारी होते. प्रफुल्ल नव्हता. त्याच दिवशी मुंबईला व्हिसाची मुलाखत होती. ती चुकली असती तर नोकरी गेली असती, हे खरं. त्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, हेही खरं. उद्धवराव त्याला फक्त एवढंच म्हणाले होते, "एक दिवस थांब." तो थांबला नाही.

घरी आले, हार खुंटीला टांगला आणि बायकोला म्हणाले, "मह्या शेवटच्या गाडीले जो आला नाही, त्याच्याशी मह्यं बोलणं झालं."

झालं म्हणजे संपलं! केला निश्चय. आणि गार्डाचा निश्चय तो, हातब्रेकासारखा आवळलेला. मुलगा अमेरिकेला गेला. फोन यायचा. हे उठून अंगणात जायचे. सिंधूबाई बिचाऱ्या स्वयंपाकघरात कढईत उलथणं आपटत बोलायच्या, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. शेजारणीला वाटायचं, खंडाऱ्यांकडं रोजच भजी! आणि उद्धवरावांना काय, माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. तळण थांबलं, की आत यायचे. पण मुलाचं नाव घेतलं नाही हो तोंडातून. वर्षं गेली, गुडघे गेले, ताठा गेला नाही.

सांगा मंडळी, कुणाला सुख होतं यात? बाप झुरतो, मुलगा तिकडं झुरतो, आणि मध्ये ती माऊली कढई वाजवत बसते. अबोला दोघांचा असतो, पण भाजून निघतो तो तिसराच.

आता बघा देवाची करणी. प्रफुल्लच्या गावात — नाव त्याचं माझ्या जिभेवर बसत नाही, मक्याच्या शेतांमधलं लहानसं गाव आहे — तिथल्या स्टेशनावर कुणी हौशी लोकांनी कॅमेरा लावलाय. दिवसरात्र चालू. जगातून कुणीही बसल्या जागी तिथल्या मालगाड्या बघायच्या, आत्ता, या क्षणाला चाललेल्या. हसू नका! हजारो लोक बघतात. आपण नाही का देवळातल्या आरतीचं मोबाइलवर दर्शन घेत? तसंच. ज्याचा जिथं भाव.

प्रफुल्ल आईला म्हणाला, "आई, मी रोज सकाळी कामावर जाताना ते फाटक ओलांडतो. तवा तुमच्याकडे दिवेलागण असते. टीव्हीवर लाव, मी दिसीन तुले."

माऊलीनं ते लावायचं शिकून घेतलं. कशासाठी? मुलाच्या दर्शनासाठी. पण घरात टीव्ही एक, आणि टीव्हीसमोरची खुर्ची उद्धवरावांची! आता करावं काय? देवाला दिवा लावला, आणि टीव्ही लावत म्हणाली, "आयकलं का, केबलवाल्यानं रेल्वेचं चॅनल देलं. अमेरिकेतल्या, आत्ता चाललेल्या गाड्या पाहा तुमी."

खोटं बोलली. पण मी तिला दोष देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. मुलगा त्या गावात राहतो, हे तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही सांगितलं बरं का! तुम्ही पोटात ठेवा.

पडद्यावर थंडीची सकाळ. विटांचं स्टेशन, चार रूळ, फाटकाचा आडवा दांडा, कडेला बर्फ. आणि कुत्रंसुद्धा नाही. उद्धवराव म्हणाले, "हे कोणतं टेसन आहे? इथं तं चहावाला बी नाही." पण म्हणता म्हणता पुढं सरकले. कारण घंटा वाजू लागली. फाटक पडलं. आणि आली!

अहो, काय गाडी ती! एका इंजिनानं भागेना म्हणून इंजिनामागं इंजिन, त्यामागं डबे, डब्यावर डबा चढवलेला. तेलाच्या टाक्या, लाकडाचे ओंडके, धान्याचे पेटारे. उद्धवरावांना वाटलं आता संपेल. संपेना! मध्येच पुन्हा एक इंजिन, पुन्हा डबे. सिंधूबाई उठून आत गेल्या, वरणाला फोडणी देऊन आल्या, तरी गाडी चालूच. उद्धवरावांचा चेहरा बघा त्या वेळी — निवृत्तीनंतर पहिल्यांदा उजळला. ओठ हलतायत. चाकं बघतायत, कुठं काही लोंबतंय का बघतायत. सवय हो! "यायच्या गार्डाले चालत पुढं जायचं म्हटलं तं जेवणाची वेळ होईन," म्हणाले. आणि स्वतःशीच हसले.

आणि इकडं सिंधूबाईंना गाडी दिसतच नव्हती. त्यांची नजर फाटकाशी. तिथं एक माणूस येऊन उभा राहिला होता. निळा कोट, खांद्याला पिशवी, डोकं उघडं. एकच पडदा, दोन भक्त. एकाला गाडी दिसते, एकीला लेकरू.

मग गाडीचा शेवट आला. डबा गेला, डबा गेला, शेवटचा डबा गेला... आणि मागं मोकळे रूळ.

उद्धवरावांचं हसू मावळलं. गार्डाचा डबा कुठं? पाटी कुठं? नाही! उद्धवराव खुर्चीतून उठले. गुडघे विसरले.

"सिंधू, गाडी तुटली."

"काय?"

"गाडी तुटली. गार्डाचा डबा नाही आला. अर्धी गाडी मागं राहिली." आणि तेवढ्यात काय होतं? फाटकाचा दांडा वर उचलला जातो! "अवं, फाटक उघडलं यायनं. हा माणूस निघाला पाह्य. मागून तुकडा आला तं याच्या चिंध्या होतील."

आता तुम्ही सगळे शहाणे आहात. तुम्ही म्हणाल, उद्धवराव, बसा खाली. अमेरिका कुठं, बडनेरा कुठं. तुमचा काय संबंध? खरं सांगा, आपण हेच म्हणालो असतो ना? चॅनल बदललं असतं. पण रानात ब्रेक आवळून बसलेला तो माणूस! त्याला ठाऊक होतं, की कुणीतरी शेवट बघतो म्हणून कुणीतरी जगतो. आणि आज शेवट बघितलेला माणूस तो एकटाच होता.

कळवायचं कुणाला? अख्ख्या अमेरिकेत ओळखीचा माणूस एक. कोण? बोला, बोला. हां!

मंडळी, या ठिकाणी उद्धवराव थांबले. किती वेळ? एक श्वास. माझ्या मते त्या एका श्वासात ते सगळी वर्षं चालून आले. एका हाताला आपला निश्चय, जिवापाड जपलेला. दुसऱ्या हाताला कोण? निळ्या कोटातला परका माणूस, ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, ज्याच्याशी काही देणंघेणं नाही.

"सिंधू," ते म्हणाले, "त्याले फोन लाव."

सिंधूबाईंनी नंबर फिरवला. गाडीचं त्यांना काही कळलंच नव्हतं, "त्याले" हा एकच शब्द कानात गेला होता. फोन लागला. पलीकडून आवाज आला, "हां आई, दिसलो का?"

उद्धवरावांनी फोन हिसकावून घेतला. "मी बोलून राह्यलो."

पलीकडचं ऐकायलाही ते थांबले नाहीत.

"आयक. तुमच्या तिकडे एका टेसनावर मालगाडी तुटली. मी टीव्हीवर पाह्यलं. गार्डाचा डबा आला नाही. फाटक उघडून देलं त्यायनं, अन् एक माणूस रूळ ओलांडाले निघाला. तठच्या मास्तरले कळव. लवकर."

विचारपूस नाही, कसा आहेस नाही. कामाचा निरोप. मुलगा गोंधळला, पण शेवटी गार्डाचा मुलगा. हळूच म्हणाला, "बाबा, त्या माणसाचा कोट निळा आहे का?"

"हाव, निळा. तुले कसं मालूम?"

"बाबा, तो मीच आहो."

आता हे ऐकून बाप काय करील? रडेल? देवाचे आभार मानेल? उद्धवराव ओरडले, "थांब!"

"थांबलो बाबा."

पण पडद्यावरचा माणूस चालतोच आहे! मंडळी, फोनवरचा आवाज येतो लगेच, टीव्हीवरचं चित्र येतं मागाहून. हे त्या बापाला कुठं माहीत? त्याला दिसतंय काय, तर कानात पोरगं थांबलो म्हणतंय आणि डोळ्यांसमोर रुळाकडं चाललंय. "थांब म्हणतो ना तुले," म्हणाले, आणि आवाज फुटला. हात टीव्हीच्या काचेवर टेकला. जणू काचेतून कोट धरून मागं ओढणार होते.

आणि मग पडद्यावरचा माणूस थबकला. खिशातून फोन काढला, कानाला लावला. एक पाऊल मागं आला. उभा राहिला.

उद्धवराव खाली बसले. जमिनीवरच बसले. फोन मात्र कानाचा काढला नाही.

"मागं पाह्य," म्हणाले. "काही येऊन राह्यलं का?"

"काही नाही बाबा. पार दूरवर रूळ मोकळे आहेत."

"तरी थांब. मी सांगतो तवा जाजो."

"हाव बाबा."

मग दोघं गप्प. फोन चालू. बडनेऱ्यात बाप जमिनीवर, तिकडं मुलगा फाटकाशी. अबोलाच होता हो तोही, पण पहिल्यासारखा नव्हता. बराच वेळ गेला. मग उद्धवरावांनी विचारलं, "थंडी आहे का तठी?"

"लय आहे बाबा."

"मंग कानाले काही बांधत काऊन नाहीस?"

इथं सिंधूबाई आत गेल्या आणि नळ सोडून मोकळेपणानं रडल्या. आज कढई वाजवायची गरज नव्हती, पण सवय एकदम जात नाही.

घंटा वाजली. त्याच बाजूनं, त्याच रुळावरून दुसरी गाडी आली. उद्धवरावांनी बघितलं. म्हणजे रूळ मोकळाच होता. मागं काही राहिलं नव्हतं. गाडी पुढं गेली, तिचा शेवट आला — आणि तिलाही गार्डाचा डबा नाही! एक लहानशी पेटी आणि लुकलुकणारा लाल दिवा, बस.

उद्धवरावांच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. "इले बी गार्ड नाही."

"इथं नसतोच बाबा. ती पेटीच लावतात शेवटी, गाडी तुटली तं तीच इंजिनवाल्याले कळवते."

"तुले मालूम होतं?"

"हाव."

"पह्यलेपासून?"

"हाव बाबा."

"मंग एवढ्या थंडीत उभा काऊन राह्यला? सांगितलं काऊन नाही?"

मुलगा काय म्हणाला, ऐका. "तुमी थांब म्हटलं ना, बाबा. तवा एक दिवस थांब म्हटलं, अन् मी थांबलो नाही."

मंडळी, या मुलानं युक्तिवाद केला नाही. बाबा, तुमचं चुकलं, असं म्हणाला नाही. व्हिसाची तारीख पुन्हा उगाळली नाही. चुकीचा हुकूम होता, चुकीचा आहे हे माहीत होतं, कामाला उशीर होत होता, आणि तो बर्फात उभा राहिला. हाही निश्चयच!

उद्धवरावांनी नाक ओढलं. मग गार्डाच्या आवाजात म्हणाले, "जाय आता. रस्ता मोकळा आहे." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "उद्या टोपी घालून येजो."

उद्या! ऐकलंत? नळ बंद करून सिंधूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ऐकलं. वर्षानुवर्षांचा अबोला, आणि तो मोडायला एवढा एकच शब्द पुरला.

आता माझा प्रश्न. निश्चय चांगला की वाईट? उद्धवरावांकडं दोन होते. एक स्वतःचा मान राखायला धरलेला. दुसरा परक्याचा जीव राखायला धरलेला. दोन्ही समोरासमोर आले, तेव्हा पहिला सोडायला त्यांना एक श्वास लागला. एकच! म्हणजे जो आपण पहाड समजून उराशी धरतो, तो दुसऱ्याच्या जिवापुढं ठेवून बघा, किती हलका निघतो. आणि गंमत अशी, की मुलासाठी त्यांनी तो कधीच सोडला नसता. सोडला तो अनोळखी माणसासाठी. हात परक्याला दिला, आणि हाताला लागला तो पोटचा पोरगा. देव असाच भेटतो मंडळी, आपल्याच माणसाचा कोट घालून.

बरं वाटलं ना? डोळे पुसून झाले? आता घरी जाऊन जेवायचं आणि झोपायचं, होय ना?

नाही! आज तसं सोडणार नाही मी. कीर्तनात फोन बंद ठेवा, असं प्रत्येक गावात सांगतो. आज उलटं सांगतो. काढा फोन बाहेर. काढा, काढा, देवासमोर काढा, तो काही म्हणत नाही. तुमच्यातला प्रत्येक जण आत्ता, ही गोष्ट ऐकताना, एका माणसाचं नाव आठवत होता. मला दिसत होतं इथून. भाऊ असेल, लेक असेल, शेजारी असेल. चूक कुणाची होती, ते मला ऐकायचं नाही. तुमच्या गाडीचा कुठला तुकडा मागं रुळावर राहिलाय, तो तुम्हाला माहीत आहे.

लावा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर जेवलास का, एवढंच विचारा. पलीकडून कुणी उचललं नाही तर पुन्हा लावा.

टाळ खाली राहू द्या. आरतीचं तबक तसंच झाकून ठेवा. कुणीतरी पहिला बोलल्याशिवाय आज आरती होणार नाही. मी उभा आहे, देवही उभा आहे, आणि आम्हा दोघांनाही घाई नाही.